नवव्या संध्याकाळचं दार

त्या वर्षी नाताळाआधीच्या नऊ संध्याकाळींच्या पोसादांपैकी पहिल्या आठांना आम्हाला ठोठावायला दारच नव्हतं. तंबूच्या कापडावर टकटक कशी करायची? म्हणून मी एका हातात पातेलं आणि दुसऱ्या हातात डाव घेऊन पुढे चालायचे. मागून चौघं जण येशूच्या आईबापांच्या, मारिया आणि होसेच्या, मूर्तींचा पाट खांद्यावर घेऊन यायचे, त्यांच्यामागे बायका, पोरं, मेणबत्त्या. तंबूपाशी थांबलं की मी पातेल्यावर डाव हाणायचा. बाहेरच्यांनी गाण्यातून रात्रीपुरता आसरा मागायचा, आतल्यांनी गाण्यातूनच त्यांना हाकलायचं, पुन्हा मागणं, पुन्हा हाकलणं, आणि शेवटच्या कडव्याला पाहुणे कोण ते ओळखून आत घ्यायचं. ताडपत्रीखाली बसून 'आमच्या घरात जागा नाही' असं गाताना माणसं आधी ओशाळली, मग हसत सुटली. जागा नसायला आधी घर तर हवं!

घरं आम्हाला होती. लिंबांच्या मळ्याला लागून कंपनीची वसाहत होती, माझा सगळा संसार तिथेच झाला. ऑक्टोबरात आम्ही काम थांबवलं, आणि महिना संपायच्या आत शेरीफची माणसं येऊन आमचं सामान रस्त्यावर मांडून गेली. घर कामाबरोबर येतं आणि कामाबरोबर जातं, हे मुकादम हॅस्केलने आम्हाला आमच्याच भाषेत समजावलं. त्याला आमची भाषा येते, पण सोयीची असेल तेव्हाच. तेव्हापासून आम्ही चर्चमागच्या नांगरलेल्या वावरात तंबू ठोकून राहत होतो.

नववी पोसादा, म्हणजे चोवीस डिसेंबरची, एलेउतेरियो सामुदिओच्या घरी ठरलेली होती. सप्टेंबरात, संपाचं कुणाच्या मनातही नव्हतं तेव्हा, चर्चच्या अंगणात टोपीत चिठ्ठ्या टाकून आम्ही ती ठरवली होती. आणि नोव्हेंबरात हाच एलेउतेरियो शिडी खांद्यावर टाकून मळ्यात परत गेला. संपफोड्या! त्यामुळे अख्ख्या वसाहतीत आमच्यातल्या माणसाचं एकच दार शिल्लक होतं, आणि ते त्याचं होतं.

"त्या दारात जायचं नाही," माझा मुलगा ताचो म्हणाला. संपाचा पुढारी तोच. व्हिएतनामहून आला तो गप्प गप्प आला, आणि मग वर्षभराने एकदम बोलायला लागला तो थांबेचना. जाकिटाच्या पाठीवर त्याने मोठ्या अक्षरांत 'चिकानो' शिवून घेतलं होतं. माझ्या वडिलांनी हा शब्द ऐकला असता तर मुस्काटात ठेवून दिली असती. आमच्या वेळी ती अमेरिकेत वाढलेल्या मेक्सिकन पोरांना द्यायची शिवी होती. "शिवीच आहे, आई," तो म्हणायचा, "पण आता आमची आहे."

"जायचं," मी म्हटलं. "चिठ्ठी त्याच्या नावाची निघालीय."

"निघाली तेव्हा तो माणूस होता."

"आणि आता?"

"आता हॅस्केलचा कुत्रा आहे."

"देव गोठ्यात जन्मला, ताचो. त्याला कुत्र्याचं काय सांगतोस?"

तो तरातरा निघून गेला. त्याला माझ्याशी वाद घालता येत नाही, म्हणून तो पाय आपटतो. बापावर गेलाय.

मला मात्र जायचंच होतं, आणि त्याचं कारण एलेउतेरियो नव्हता. त्याची बायको निला. त्यांच्या एलोदियाला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर मी धरलं होतं, आणि त्या दिवसापासून निला माझी कोमाद्रे झाली, तिचा नवरा माझा कोम्पाद्रे. लहानपणी एकमेकींच्या झिंज्या उपटलेल्या आम्ही दोघी, त्या दिवसानंतर एकमेकींना अहोजाहो करायला लागलो. सख्ख्या बहिणीशी तोंड फिरवून बसता येतं, कोमाद्रेशी नाही. चोवीसच्या आधीच्या रविवारी ती चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर येऊन बसली. तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका उठून गेल्या. ती माझ्या मानेपाशी पुटपुटली, "मी मक्याचे तमाल करतेय, कोमाद्रे. सगळ्यांपुरते. याल, न याल, तुमची मर्जी. मी करतेय."

मी मागे वळले नाही. वळले असते तर रडले असते, आणि ते मला त्या बायकांसमोर करायचं नव्हतं.

कोर्टाने आम्हाला वसाहतीत पाय ठेवायला बंदी केली होती. फादरनी शेरीफचे पाय धरून एका संध्याकाळची परवानगी आणली, तीही देवाच्या नावावर. सूर्य मावळल्यावर आत जायचं आणि सातच्या घंटेला बाहेर यायचं. झेंडे नाहीत, घोषणा नाहीत, काठ्या नाहीत. एक दगड जरी उडाला तरी सगळे तुरुंगात जातील, आणि दुसऱ्या दिवशी वावरातले तंबूही उठतील. ताचो एकदा आत जाऊन आला होता. पुन्हा समोर आलास तर तुरुंगात केस पांढरे होतील, असं जज्ज त्याला सगळ्यांदेखत म्हणाला होता.

हे सगळं माहीत असूनही, चोवीसच्या संध्याकाळी मिरवणूक निघाली तेव्हा मला त्याचं जाकीट दिसलं. दोन्ही खिसे खाली लोंबत होते. त्याच्याबरोबरच्या पाच-सहा पोरांचेही. आमच्या वावरात दगड मिळत नाही, नुसती भुसभुशीत माती. म्हणजे हे लोक रेल्वेच्या रुळांपर्यंत चालत जाऊन तिथली काळी खडी उचलून आले होते.

"खिशात काय आहे?" मी विचारलं.

"हात," तो म्हणाला.

फाटकापाशी शेरीफच्या माणसांनी आमच्या तोंडावर बॅटरी मारली, आणि पोरांची खाऊ भरलेली पिन्याता फोडायची काठी काढून घेतली. रंगीत कागदाच्या झिरमिळ्या लावलेली काठी! "हे हत्यार आहे," म्हणे. "मग पोरांनी पिन्याता काय टकरा मारून फोडायची?" मी भांडायला उभी राहिले. मुद्दाम. त्यांच्या छातीला पातेलं लावून, माझं हे एवढं शरीर घेऊन मी फाटक अडवून ओरडत राहिले, आणि माझ्या मागून ती पोरं आत सरकली. देवाची मिरवणूक काढून मी पोराचे दगड आत नेले, दुसरं काय! पण त्याला तिथे झडतीत सापडू देणं मला जमलं नसतं.

वसाहतीचा रस्ता तोच होता. बऱ्याच घरांना फळ्या ठोकल्या होत्या. माझ्या घरात बाहेरून आणलेली माणसं राहत होती, दोरीवर त्यांचे कपडे वाळत होते. डब्यात लावलेली माझी मिरची हिरवीगार होती. कुणीतरी तिला पाणी घालत होतं, आणि मला त्याचाही राग आला.

एलेउतेरियोचं घर रस्त्याच्या टोकाला. समोरच हॅस्केलची गाडी उभी, तो तिला टेकून, हाताची घडी घालून. त्याच्या दोन्ही बाजूंना शेरीफची दोन माणसं. ते दार बघत नव्हते, आमचे हात बघत होते. आमचं गाणं आपोआप बारीक झालं.

निलाने दाराला पताका लावल्या होत्या. मी पातेल्यावर डाव हाणायला हात उचलला आणि तसाच थांबवला. दार होतं की! मी पातेलं बगलेत धरलं आणि लाकडावर ठोठावलं. एलेउतेरियोने दार उघडलं, अर्धवट. पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. कमरेला अजून लिंबं मापायची लोखंडी कडी लटकत होती. मळ्यातून आल्यावर ती काढायची विसरला असावा, किंवा हल्ली काढत नसावा.

"कोमाद्रे लिब्रादा," तो म्हणाला. "आत गायला माझ्याकडे कुणी नाही."

खरंच होतं ते. दरवर्षी निम्मी वस्ती यजमानाच्या घरात शिरून आतली बाजू गाते. त्याच्याकडे कोण शिरणार? माझ्या मागे कुणीतरी थुंकलं. मी वळून पाहिलं तर ताचोचे दोन्ही हात खिशांत होते आणि नजर खिडकीच्या काचेवर. हॅस्केल गाडीपासून सुटा होऊन सरळ उभा राहिला.

मला एकच सुचलं, आणि विचार न करता मी ते बोलले. ही मिरवणूक माझी आहे, गाणं मी धरते, कोण कुठे उभं राहील ते मी ठरवते, असंच चालत आलंय. "ताचो, तू आणि तुझी पोरं आत व्हा," मी म्हटलं. "आतली बाजू तुम्ही गायची. आणि कोम्पाद्रे, तुम्ही बाहेर या. पाटाला खांदा द्या."

"काय?" दोघंही एकदम म्हणाले.

"त्यांनी स्वतःच्याच घरात आसरा मागायचा?" ताचो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर एक घाणेरडं हसू आलं. "आणि नाही मी म्हणायचं?"

"हो. हवं तेवढं म्हण. जीव जाईस्तोवर म्हण. पण गाण्यात."

"मस्त!" तो पोरांना म्हणाला. "चला रे, आज आपण मालक!"

ती सगळी एलेउतेरियोला खांदे घासत आत शिरली. एलेउतेरियो पायरी उतरला आणि पाटाचा पुढचा कोपरा मुकाट्याने खांद्यावर घेतला. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. मारियाच्या मूर्तीखाली उभ्या माणसावर कोण दगड टाकणार? आणि घरात शिरलेल्या पोरांना दगड टाकायला खिडकी कुठली? दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

तो आवाज ऐकला आणि माझ्या लक्षात आलं की निला आणि एलोदिया आतच आहेत. खिसे भरून दगड घेतलेली, डोकी तापलेली सात पोरं मी त्यांच्याबरोबर कोंडली होती.

आता थांबता येईना. मी गाणं धरलं. बाहेरच्यांनी पहिलं मागणं मागितलं, एलेउतेरियोने नुसते ओठ हलवले. मग आतून उत्तर आलं. मी तीस वर्षं पोसादा गातेय. आतले नेहमी लटकं रागावतात. ही पोरं लटकी नव्हती. जा, निघा, तुम्हाला इथे जागा नाही, असं ती गात नव्हती, भुंकत होती. ताडपत्रीखालची सगळी थंडी, रस्त्यावर मांडलेल्या गाद्या, सगळं त्या कडव्यात होतं. ते संपलं आणि आतून आवाज आला, ठण्ण. पत्र्यावर काहीतरी पडल्यासारखा.

शेरीफच्या एका माणसाचा हात कमरेकडे गेला.

"काय फुटलं?" हॅस्केल ओरडला.

"भांडं पडलं असेल," मी म्हटलं. "बाहेरच्यांनो, गा! काय बघताय?"

दुसरं मागणं. या वेळी एलेउतेरियो गायला. त्याला सूर कधीच नव्हता, पण आवाज होता. थंडी आहे, बायको दमलीय, असं तो स्वतःच्या दाराला सांगत होता. आतून नकार आला, पहिल्यापेक्षा मोठा. आणि त्यात आता बाईचा आवाज होता. निला! आत असलेल्याने आतलंच गायचं, ती तरी काय करणार? पण कशी गात होती! सगळ्या पोरांच्या वर, छाती फोडून. तिच्या मागोमाग एक किनरा आवाज, एलोदियाचा. तिची नऊ वर्षांची लेक बापाला गाऊन सांगत होती की तू कोण ते आम्ही ओळखत नाही.

एलेउतेरियोच्या खांद्यावरचा पाट कलला. मारियाची मूर्ती घसरली, मी ती हाताने धरली.

"सांभाळा, कोम्पाद्रे."

"माझी पोर आहे ती," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. गा."

ठण्ण. पुन्हा. मग लागोपाठ दोनदा. शेरीफचा माणूस रस्ता ओलांडून पायरीपर्यंत आला. बायकांनी पोरांना पदराआड ओढावं तसं शालींखाली ओढलं. मी आयुष्यात इतक्या जोरात गायले नाही. दार फोडायला कुणाला सवड मिळू नये म्हणून दोन कडव्यांच्या मध्ये मी श्वाससुद्धा घेत नव्हते.

मग शेवटचं कडवं आलं. बाहेरच्यांनी नावं सांगितली, मारिया, होसे. आता आतल्यांनी ओळखायचं, आनंदाचं कडवं म्हणायचं, दार उघडायचं. हे काही कुणाच्या मर्जीवर नसतं.

आनंदाचं कडवं आलं नाही. दार उघडलं नाही.

मी पुन्हा ठोठावलं. "ताचो!"

"आई, तू बाजूला हो." त्याचा आवाज दाराच्या अगदी मागे होता. तो गात नव्हता. "एलेउतेरियो काका, ऐकताय?"

"ऐकतोय."

"सणानंतर मळ्यात जाणार का?"

हे त्याने आमच्या भाषेत विचारलं, आणि या वेळी हॅस्केलला ती चांगलीच समजली. तो गाडीपासून चालत आला आणि आमच्या मागे उभा राहिला. त्याच्या तोंडाला पुदिन्याच्या गोळीचा वास येत होता. "सांग ना त्याला, एलेउतेरियो," तो हळूच म्हणाला. "सांग आणि संपव."

मला ताचोचा गळा दाबावासा वाटला. हो म्हटलं तर दार उघडणार नव्हतं, आणि त्या खिशांचं काय होईल ते देवच जाणे. नाही म्हटलं तर हॅस्केल हातभर अंतरावर उभा. ज्या घरासाठी या माणसाने सगळ्या वस्तीच्या शिव्या खाल्ल्या, ते घर त्या एका शब्दाबरोबर गेलं असतं. मला त्याची बाजू घ्यायची नव्हती. पण त्याच्या जागी उभं राहावं असं मी माझ्या वैऱ्यालाही म्हटलं नसतं.

एलेउतेरियोने दाराकडे पाहिलं. मग खिडकीकडे. पडद्यामागे एलोदियाचं डोकं दिसत होतं. एका हाताने पाट धरून त्याने दुसऱ्या हाताने कमरेची कडी सोडवली. ती जरा अडकली, त्याला दोनदा ओढावी लागली. ती त्याने मागे न बघता हॅस्केलच्या पुढे धरली.

"नाही जाणार," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"ऐकू आलं तुम्हाला, साहेब." आणि मग दाराकडे तोंड करून, ओरडून, "नाही जाणार! उघड आता, भडव्या, खांदा मोडतोय माझा!"

आतून शेवटचं एकदा आलं, ठण्ण. आणि कडी निघाली.

दारात ताचो उभा होता, हात रिकामे, जाकिटाचे खिसे चपटे. त्याच्यामागे निला मोठा पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी कवटाळून उभी होती, तमाल उकडायचा. डबा जड होता, ती वाकली होती. नंतर कळलं ते असं, की पहिल्या नकारालाच ती तो डबा घेऊन पोरांपुढे फिरायला लागली होती. खिसा यात रिकामा करशील तर खायला मिळेल, नाहीतर कडी काढ आणि चालता हो. गाता गाता, एकेकापुढे. ताचो तेवढा शेवटपर्यंत राहिला होता.

"या, काका," ताचो म्हणाला. तो दारातून बाजूला सरला. "घर तुमचंच आहे."

एलेउतेरियो हसला की काय केलं, मला कळलं नाही. पाट घेऊन तो उंबरा ओलांडून आत गेला.

हॅस्केल ती लिंबं मापायची कडी बोटात फिरवत होता. "सव्वीसला दुपारपर्यंत," तो मला म्हणाला, जणू घर माझंच होतं, आणि गाडीत जाऊन बसला.

आम्ही खाल्लं. थुंकणारीनेही खाल्लं, दोनदा घेतलं. पिन्याता पोरांनी एलेउतेरियोच्या शिडीच्या तुटक्या पायरीने फोडली. सगळ्यांना वाढून झाल्यावर निला स्टुलावर चढली आणि भिंतीवरचा लग्नाचा फोटो खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिला. "आजच घेऊन जा, कोमाद्रे," ती म्हणाली. "ती माणसं फेकाफेक करतात." मी तो शालीत गुंडाळला. सातची घंटा झाली आणि आम्ही बाहेर पडलो.

सव्वीसला दुपारी त्यांचं सामान रस्त्यावर आलं, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या शेजारी त्यांची ताडपत्री. डोंगराकडून वारा सुटला होता. भुसभुशीत मातीत खुंट्या धरेनात, एक ठोकावी तर दुसरी उपटून यायची. ताडपत्री एलेउतेरियोच्या हातातून फडफडत होती आणि तो तिला आईबहिणीवरून बोलत होता. ताचो न बोलावता गेला आणि त्याने दुसरं टोक धरलं. नोव्हेंबरापासून एकमेकांना टाळत आलेली ती दोन माणसं, मध्ये ती ताडपत्री.

निला तो डबा ओढत घेऊन आली आणि तिने तो त्यांच्या पायांपाशी उपडा केला. काळी खडी, मुठीएवढी.

एलेउतेरियोने एक दगड उचलला, हातात तोलला. रुळांवरचा आहे हे त्याला कळलं असणार. "हा खिडकीसाठी होता," त्याने ताचोला विचारलं, "की माझ्यासाठी?"

ताचोने मान वर केली नाही. "ठरलं नव्हतं, काका."

वाऱ्याने ताडपत्री पुन्हा उचलली. एलेउतेरियोने गुडघा टेकून ती दाबली आणि दगड त्याच्याकडे सरकवला.

"त्या कोपऱ्यावर ठेव," तो म्हणाला. "वारा तिकडून येतोय."